कुटुंबप्रमुख द्वारका

होळी गावात आणि आसपासच्या वाड्यांत सत्तरच्या दशकात जन्मलेल्या कितीतरी पोरांना जगातला पहिला हात लागला तो द्वारका भोईरचा. बागायतदार हिंदूंचं घर असो नाहीतर कॅथलिक आळीतलं, बाईला कळा सुरू झाल्या की कुणीतरी आलोशियस लोपीसच्या वाडीकडे धावत सुटायचं. वाडीच्या कडेला, विहिरीजवळ, एक कौलारू खोली होती. द्वारका तिथे राहायची. निरोप पुरता ऐकूनही घ्यायची नाही. खुंटीवरचा डबा उचलायची, पदर खोचायची आणि चालायला लागायची. वाटेत एकच प्रश्न असायचा, "पानी तापत ठेवलंय ना?"

हे काम तिला सासूने शिकवलं. सासू, मालनबाई, खाडीपलीकडच्या मिठागराच्या गावातली जुनी सुईण. द्वारकाचा नवरा शत्रुघ्न आलोशियसच्या वाडीवर कामाला लागला तेव्हा आईला, बायकोला आणि तान्ह्या प्रेमलताला घेऊन तो होळी गावात आला. तीन वर्षांनी, एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर, भिवंडीला यंत्रमागावर जातो म्हणून गेला. आधी दोन महिन्यांनी यायचा, मग सणाला, मग आलाच नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत तिकडे त्याने दुसरा संसार मांडल्याचं कळलं. जाताना घरातलं रेशनकार्ड तेवढं तो बरोबर घेऊन गेला होता.

बातमी आली त्या दिवशी मालनबाईने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "तू माहेरी जानार असशील तर जा पोरी. मी अडवनार नाय."

"आनि तुम्हांला कोन बघनार, आये?"

तो विषय तिथेच संपला. पुढच्या आठवड्यात मालनबाई एका बाळंतपणाला निघाली तेव्हा तिने सुनेला हाक मारली, "चल, डबा तू धर." दोन वर्षांत द्वारका एकटी जायला लागली, कारण सासूची नजर मंद होत चालली होती. चौऱ्याहत्तर साली आरोग्य केंद्रात सुईणींचं सरकारी शिक्षण झालं. तिथून द्वारकाला नवा डबा मिळाला, कात्री, साबण, दोरा, नखं घासायचा ब्रश. शिकवणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं, अंगठ्याऐवजी सही करायला शिका. मग नऊ वर्षांची प्रेमलता आईला पाटीवर अक्षरं काढून द्यायला लागली. आईचा 'का' नेहमी बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा व्हायचा. पोर रागवायची, आई पुसून पुन्हा काढायची.

एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका सकाळी आलोशियस खोलीपाशी आला आणि नुसताच उभा राहिला. द्वारका अंगण सारवत होती. एवढा मोठा बागायतदार माणूस डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा दिसताच तिला कळलं की काहीतरी अवघड बोलणं आहे.

"द्वारका, वाडीच्या वाटण्या झाल्या. ही विहिरीकडची बाजू धाकट्याला गेली. तो इथे घर बांधतोय."

"कधी काका?"

"मे महिन्यात पाया खणणार. तुला माझ्याच्याने सांगवत नव्हतं."

तिने हातातलं शेण बादलीत टाकलं, हात धुतले. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. दुसऱ्याकडून कळलं असतं तर वाईट वाटलं असतं."

दुपारी आलोशियसची बायको मटिल्डा आली. ती म्हणाली, आमच्या घरामागची पडवी रिकामीच असते, तिथे या. मटिल्डाची दोन नातवंडं द्वारकाच्या हातची. तिच्या बोलण्यात मानभावीपणा नव्हता, हे द्वारकाला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "बाय, तुमच्या पडवीत मी पाहुनी म्हनून येईन. राहायला नाय येनार."

तिचं वय तेव्हा बेचाळीस. माहेरी वडिलांचं घर, मग सासऱ्याचं, मग लोपीसांच्या वाडीवरची खोली. स्वतःच्या नावाची जागा असते कशी, हे तिने दुसऱ्यांच्या घरीच पाहिलं होतं.

पंचायतीच्या फळ्यावरचा कागद प्रेमलताने वाचला. ती तेव्हा नववीत होती. शाळेतून येताना तिने सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून आणलं. गृहनिर्माण मंडळ आचोळ्याला भाड्याची घरं बांधत होतं. खोली, स्वयंपाकघर आणि मोरी. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनी अर्ज करावेत, तालुक्यात दहा वर्षांचा रहिवास असावा, अर्ज एकतीस मार्चपर्यंत.

"आपन कुटुंब हाव ना?" मालनबाईने विचारलं.

"हो गं आजी," प्रेमलता म्हणाली, "तीन माणसांचं."

"मग जा द्वारके. इचारायला काय जातं!"

मंडळाची कचेरी स्टेशनजवळ, एका लहान इमारतीत होती. खिडकीमागे आत्माराम नावाचे पन्नाशीचे कारकून बसायचे. चष्मा कपाळावर, समोर अर्जांचा ढीग. मागे रांग. द्वारकाचा नंबर आला तेव्हा त्यांनी न बघताच विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"द्वारका भोईर."

"तुमचं नाही हो बाई. कुटुंबप्रमुखाचं."

"तेच सांगितलं."

आत्मारामांनी चष्मा खाली ओढला. "विधवा आहात?"

"नाय."

"सोडचिठ्ठी झालीय? कोर्टाचा कागद?"

"नाय. तो बारा वर्सं झाली निघून गेलाय."

"मग नवऱ्याची सही आणा. नाहीतर त्याच्या मृत्यूचा दाखला."

"भाऊ, तो जिवंत हाय. दाखल्यासाठी मी त्याला मारू काय?"

रांगेतली माणसं हसली. आत्मारामही हसले, पण अर्ज खिडकीतून परत आला. वर त्यांनी सांगितलं की दहा वर्षांच्या रहिवासाचा पुरावाही लागेल, रेशनकार्ड म्हणा, मतदार यादीतलं नाव म्हणा. रेशनकार्ड भिवंडीला होतं. मतदार यादीतलं नाव अजून खाडीपलीकडेच राहिलेलं, तिकडचं गाव तर दुसऱ्या तालुक्यात. आलोशियसने लिहून दिलं तर? आत्मारामांनी मान हलवली. खासगी माणसाची चिठ्ठी चालत नाही.

द्वारका अर्ज घेऊन घरी निघाली. लोक हसले याचं तिला फारसं वाटलं नव्हतं, तिनेच तसं बोलून दाखवलं होतं. तिला लागलं ते दुसरंच. ह्या गावात असं घर नव्हतं ज्याच्या माजघरापर्यंत ती गेली नव्हती. आणि ती इथे राहते असं सांगणारा एक कागद सगळ्या तालुक्यात नव्हता.

आठ-दहा दिवस असेच गेले. मग कॅथलिक आळीतल्या पॉलिनला मुलगी झाली आणि नेहमीप्रमाणे द्वारका जन्माची नोंद द्यायला पंचायतीत गेली. घरचे लोक चालढकल करतात म्हणून, सासूच्या हाताखाली होती तेव्हापासून, नोंद तीच द्यायची. ग्रामसेवक ॲन्सेल्म, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं, त्यांनी वही उघडली, तारीख, आईबापाचं नाव, मुलगी, सगळं भरलं आणि वही तिच्याकडे फिरवली.

ती नेहमी सावकाश सही करायची. त्या दिवशी सही करून झाल्यावर तिची नजर वरच्या ओळीवर गेली. छापलेली अक्षरं होती, 'माहिती देणाऱ्याचे नाव व पत्ता'. त्यापुढे भाऊसाहेबांच्या हस्ताक्षरात, 'द्वारका शत्रुघ्न भोईर, सुईण, रा. होळी, आलोशियस लोपीस यांची वाडी.'

"भाऊसाहेब, हे दर वेळी लिवता?"

"लिहावंच लागतं. नियम आहे."

"पहिल्यापासून?"

"सत्तरला नोंदणीचा कायदा लागू झाला, वह्या माझ्याकडे आल्या, तेव्हापासून. का गं?"

द्वारकाने बोट त्या ओळीवर ठेवलं. "मग मी सत्तरपासून कुठं राहते ते सरकारच्याच वहीत लिवलंय की."

ॲन्सेल्मनी पेन खाली ठेवलं. मग उठले आणि त्यांनी भिंतीतलं लाकडी कपाट उघडलं.

चार दुपारी ते त्या वह्या घेऊन बसले. पंचायतीची इतर कामं सांभाळून एकेक पान उलटत होते, कागदाच्या कपट्यावर रेघा मारत होते. चौथ्या दिवशी आकडा निघाला, दोनशे सत्त्याऐंशी. दोनशे सत्त्याऐंशी जन्मांखाली माहिती देणारी म्हणून द्वारका भोईर आणि दर वेळी तोच पत्ता. पहिली पाच वर्षं नुसते जांभळे अंगठे. मग पंचाहत्तरच्या जुलैतलं एक पान आलं. ॲन्सेल्मनी वही तिच्यासमोर सरकवली. तिथे पहिली सही होती, वर चढत गेलेली, 'का' एवढा मोठा की शेजारच्या रकान्यात घुसलेला.

द्वारका ते पान बघत बसली. तिला त्या बाळाचं नाव आठवलं, त्याच्या आईचं दुखणं आठवलं. तेव्हा वाटलं होतं, एवढं मोठं काम केलं आणि अक्षर असलं वाकडं. आज मात्र तिला ते वाकडं अक्षर फार आवडलं.

ॲन्सेल्मनी दर वर्षाचा एक असे बारा उतारे काढून दिले, प्रत्येकावर सही आणि गोल शिक्का. वर एक दाखला, एकूण नोंदी किती त्याचा.

ती पुन्हा खिडकीपाशी गेली तेव्हा मुदत संपायला तीन दिवस होते. आत्मारामांनी उतारे चाळले. मग सावकाश पहिल्यापासून परत वाचले.

"बाई, असा पुरावा मी आजवर पाहिला नाही. चालेल की नाही ते साहेब ठरवतील. पण हे कुटुंबप्रमुखाचं—" ते थांबले. त्या रकान्यात द्वारकाने आपलंच नाव लिहिलं होतं. मोठ्या 'का'सकट. "इथे खाडाखोड चालत नाही हं."

"खाडाखोड नाय केली, भाऊ. एकदाच लिवलंय."

त्यांनी अर्ज घेतला. एप्रिलच्या बावीस तारखेला साहेबांपुढे सुनावणी, असं पोचपावतीवर लिहून दिलं.

सुनावणीला मालनबाई येणार असं तिने स्वतःच जाहीर केलं. द्वारका नको म्हणाली, उन्हाचे दिवस, कशाला दगदग. म्हातारीने ऐकलं नाही. पेटीतलं हिरवं लुगडं काढायला लावलं, चांगलं घट्ट नेसली आणि सकाळी आठलाच उंबऱ्यावर जाऊन बसली. होळी गावच्या बाजारातून टांगा केला. वाटेभर ती विचारत होती, साहेब जातीने कोण, तरुण की म्हातारा, आणि त्याला पोरंबाळं आहेत का.

साहेब चाळिशीचे होते, थकल्यासारखे दिसत होते. त्यांनी उतारे वाचले. "दोनशे सत्त्याऐंशी?"

"त्यात दोन जुळी हायेत साहेब," द्वारका म्हणाली. "भाऊसाहेबांनी वेगवेगळी धरली."

साहेबांच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "रहिवासाबद्दल माझी हरकत नाही. सरकारी नोंदवही आहे, पत्ता आहे, तारीख आहे. अडचण तुमच्या यजमानांची. समजा, घर तुमच्या नावावर दिलं आणि उद्या ते येऊन म्हणाले, मी नवरा, घर माझं. मग भांडण मंडळाच्या दारात. म्हणून सही मागतो आम्ही." मग त्यांनी भिंतीलगत बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं. "या कोण? तुमच्या आई?"

"सासू."

"सासू म्हणजे... त्यांचीच आई?"

मालनबाई काठी टेकत उठली. आवाजाच्या दिशेने दोन पावलं पुढे आली. "व्हय साहेब. मी शत्रुघ्नची आय. बारा वर्सं झाली, त्यानं मला पानी इचारलं नाय. माझ्या डोळ्यांत फूल पडलं, तेव्हा ठाण्याच्या इस्पितळात हिनं नेलं, पंधरा दिवस हीच बसली उशाला. पोरीला शाळेत हिनं घातलं. माझ्या घरात मोठं मानूस कोन ते मला ठाऊक नाय, तर कोनाला ठाऊक? तुम्ही लिवा, मी अंगठा देते."

"आजी, उद्या तुमचा मुलगा खरंच आला तर?"

"तर मी दारात बसलेली असन. त्याला सांगन, हे माझ्या सुनेचं घर हाय. तू पाहुना. पानी पी आनि जा."

साहेबांनी आत्मारामांना बोलावलं आणि जबाब लिहून घ्यायला सांगितला. आत्माराम लिहीत गेले, साहेब सांगत गेले. एके ठिकाणी साहेब अडखळले. "अर्जदार ही... परित्यक्ता लिहा."

द्वारकाने विचारलं, "म्हंजे काय साहेब?"

"म्हणजे नवऱ्याने टाकलेली."

"मग तसं नका लिवू." तिचा आवाज चढला नव्हता, पण आत्मारामांचं पेन थांबलं. "त्यानं मला टाकलं नाय. तो निघून गेला. मी होते तिथंच हाय, माझी पोर हाय, ही त्याची आय हाय. टाकलेली कशी?"

"मग काय लिहू?"

"सुईन लिवा. काम करते, घर चालवते. तेवढंच लिवा."

साहेबांनी आत्मारामांच्या हातून कागद घेतला आणि स्वतः लिहिलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं, "अर्जदार व्यवसायाने सुईण असून स्वतः कुटुंबप्रमुख आहे." खाली मालनबाईने अंगठा उठवला. शेजारी द्वारकाने सही केली.

इतकं झालं म्हणजे घर मिळालं असं नव्हे. घरं चौसष्ट होती आणि अर्ज तीनशेच्या वर. मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या काढल्या, त्यात द्वारकाचं नाव निघालं नाही. प्रतीक्षा यादीत निघालं, नववं. तिकडे विहिरीजवळच्या खोलीची कौलं उतरली. तेव्हा मटिल्डा पुन्हा आली आणि म्हणाली, "पाहुणी म्हणूनच ये गं. पण चांगली चार-पाच महिन्यांची पाहुणी हो." या वेळी द्वारकाने नाही म्हटलं नाही. पावसाळाभर तिघी लोपीसांच्या पडवीत राहिल्या. पहाटे उठून मटिल्डाच्या आधी ती अंगण झाडून काढायची. मटिल्डा रोज रागवायची, "पाहुणे झाडतात का?" आणि रोज तेच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोस्टमनने खाकी पाकीट आणलं. काही जणांचे कागद खोटे निघाले होते, काहींनी घर घेतलं नव्हतं, यादी पुढे सरकली होती. प्रेमलताने वाचायला हात पुढे केला, पण द्वारकाने पाकीट सोडलं नाही. अडखळत, बोट फिरवत, तिने ते पत्र स्वतः वाचलं. वर लिहिलं होतं, 'श्रीमती द्वारका शत्रुघ्न भोईर यांस'. पुढे इमारत क्रमांक चार, तळमजला, खोली सात. तळमजला म्हणताच मालनबाईने हात जोडले.

सामान हलवायला टेम्पो लागला तो आलोशियसने दिला. सामान फार नव्हतंच. मटिल्डाने केळीचे दोन घड, आळूची जुडी आणि मोगऱ्याची तीन रोपं वर चढवली. पॉलिन मुलीला कडेवर घेऊन आली होती. आणखी कोण कोण आलं, एवढ्या बायका एका टेम्पोत मावणं शक्य नव्हतं, तरी मावल्या. आचोळ्याला तेव्हा चारी बाजूंनी भातशेतं, पाण्याला विहीर, आणि मधे ह्या नव्या इमारती. शेजारच्या खोलीतली रत्नागिरीकडची बाई खिडकीतून बघत होती. तिने विचारलं, "कोण आलंय? मोठी असामी दिसते!" पॉलिनने टेम्पोतूनच उत्तर दिलं, "आमची सुईण आलीय. जपून राहा, सगळ्यांची पोरं पाळण्यात घालेल!"

संध्याकाळी बायका परत गेल्या. प्रेमलता विहिरीवर पाण्याला गेली, मालनबाई खिडकीखाली चटईवर कलंडली. द्वारकाने दार लोटलं आणि कडी लावली. लोपीसांच्या खोलीला आतून कडी नव्हती. वाडीची अवजारं तिथे असायची, फावडं नाहीतर टोपली घ्यायला कोणीही कधीही आत यायचं, तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. आता ती कडीला हात लावून उभी राहिली. मग काढून पुन्हा लावून पाहिली.

"कोन हाय गं?" मालनबाईने विचारलं.

"मीच हाय, आये."

"मग खडखड कशाला?"

"नवी हाय. घट्ट बसते का बघते."

पुढच्या वर्षांत द्वारकाचं काम आचोळ्यातही वाढलं. शिवाय दुसरंच एक काम तिच्या गळ्यात पडलं. मंडळाने आणखी इमारती बांधायला घेतल्या तेव्हा नालासोपाऱ्याच्या, विरारच्या बायका अर्जाच्या अडचणी घेऊन तिच्याकडे यायला लागल्या. कुणाचा नवरा बोटीवरून परतला नव्हता, कुणाचा परत येऊनही नसल्यासारखा. इनेझ नावाची एक शिवणकाम करणारी बाई होती, भावाच्या घरी राहायची, तिच्या नावाचा एकही कागद नाही असं तिला वाटत होतं. द्वारकाने तिला अर्धा तास प्रश्न विचारले आणि शेवटी चर्चच्या शिवणवर्गाच्या हजेरीपटावर जाऊन पोचली. आत्माराम आता तिला बघताच खुर्ची पुढे करायचे. "आज कोणाला आणलंत, द्वारकाबाई?" असं विचारायचे आणि समोरच्या बाईच्या अर्जातला तो रकाना न विचारता तिलाच भरू द्यायचे.

सत्त्याऐंशी साली प्रेमलता शिक्षिका झाली. शाळेत नेमणुकीचे कागद भरताना तिथल्या कारकुनाने सवयीने विचारलं, "वडील काय करतात?" प्रेमलताने सांगितलं, "माझी आई सुईण आहे." एवढं सांगून तिने पुढचा रकाना भरायला घेतला.